एका दट्ट्याला दोन कामं

जावाचं इंजिन फ्रेममधून खाली घ्यायला मला आता पाऊण तास लागतो. पहिल्यांदा घेतलं तेव्हा दोन रविवार गेले होते. त्यातला एक सबंध रविवार, क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं डायनामोचं आर्मेचर सुटेना म्हणून गेला. शेवटी मी हातोडी उचलली. शेजारच्या गॅरेजमधले मिस्त्री चहाचा ग्लास घेऊन बघत उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मारा की सर. म्हंजे क्रँकचं बी काम निघंल." मी हातोडी खाली ठेवली. त्यांनी आत जाऊन एक लांब बोल्ट आणला, आर्मेचरच्या मधल्या आट्यांत हाताने फिरवला, पान्याने शेवटचा पाव फेरा दिला. टक् असा आवाज झाला आणि आर्मेचर त्यांच्या तळहातावर आलं.

पुढची पंधराएक वर्षं मी त्या गॅरेजच्या उंबऱ्यावर बसलो. बघितलेलं, विचारलेलं, स्वतः बिघडवलेलं असं सगळं रात्री वहीत लिहून ठेवायचो. वह्या पाच झाल्या आणि त्यांचं हे पुस्तक झालं. मिस्त्रींनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही, लिहिण्याची गरजच पडली नाही. गरज आता पडली आहे. टू-स्ट्रोक बांधणारे हात आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि गाड्यांचे भाव मात्र असे चढलेत, की भंगाराच्या दराने गेलेली येझदी परत मिळवायला लोक तालुके पालथे घालतात.

पुस्तक एकाच इंजिनाबद्दल आहे. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, क्षमता २४८.५ सीसी. ही मापं १९४६ च्या जावा 'पेराक'पासूनची. पेराकची आखणी दुसऱ्या महायुद्धात झाली, चेकोस्लोव्हाकिया जर्मनांच्या ताब्यात असताना, चोरून. १९५४ मध्ये त्याच मापांवर ३५३ हे मॉडेल आलं. मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला 'आयडियल जावा' उभी केली, तिथे १९६१ पासून ही गाडी बनू लागली आणि पुढे ती 'येझदी' झाली. यझद हे इराणमधलं शहर. मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ब्रून-मस्का विकणाऱ्या कितीतरी इराण्यांचे पूर्वज तिथलेच. म्हणजे चेक इंजिन, म्हैसूरचा कारखाना, इराणी गावाचं नाव, आणि गाडी उभी सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या बांधावर. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं खरं, पण ते इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याच्याशी या पुस्तकाचं काही देणंघेणं नाही.

दोन नळ्या बघून लोक अजून विचारतात, "डबल सिलिंडर का?" नाही. सिलिंडर एकच, त्याला एक्झॉस्टची तोंडं दोन. किकचा आणि गिअरचा दांडाही एकच: आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. गिअरच्या त्याच दांड्याने क्लचही आपोआप थोडा सुटतो. या गाडीत जिथे बघाल तिथे एका वस्तूकडून दोन कामं करून घेतलेली दिसतात. हे चेक काटकसरीचं लक्षण असेल, पण त्याहून जास्त ते टू-स्ट्रोकच्या मूळ स्वभावाचं आहे, आणि हा स्वभाव ध्यानात आला नाही तर इंजिन कितीही वेळा बांधा, ते पुन्हा खोलावं लागेल.

फोर-स्ट्रोकचा संसार मोठा. हवा आत घ्यायला एक व्हॉल्व, धूर बाहेर सोडायला दुसरा, त्यांना हलवायला कॅम, तेल फिरवायला पंप. ज्याचं त्याचं काम वेगळं. एखादा व्हॉल्व जळाला तर बिघाड व्हॉल्वमध्येच सापडतो. टू-स्ट्रोकच्या घरात माणसं कमी. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, धक्का घेतो, आणि वर-खाली होताना ब्लॉकच्या भिंतीतली तोंडं झाकतो-उघडतो, म्हणून व्हॉल्वही तोच. क्रँककेस क्रँकला सांभाळतं, आणि दट्ट्या वर गेला की कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढून घेतं, दट्ट्या खाली आला की तेच मिश्रण वर ढकलतं, म्हणून पंपही तेच. पेट्रोल जळतं, आणि जाता जाता त्यात मिसळलेलं ऑइल बेअरिंगांना पाजत जातं. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या जोसेफ डे याने १८९१ मध्ये ही क्रँककेसची युक्ती पेटंट केली. पुढे जर्मनीत श्न्यूर्लेने वर येणाऱ्या मिश्रणाचे झोत एक्झॉस्टकडे पाठ करून सोडले, म्हणजे ताजं मिश्रण वळसा घेऊन जुना धूर बाहेर लोटेल. आपल्या जावाच्या ब्लॉकमध्ये बोट घालून बघा, ती तिरकी तोंडं बोटाला लागतात.

हलणारे भाग कमी, म्हणून टू-स्ट्रोक सोपं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. भाग कमी हे खरं, पण प्रत्येकाला दोन कामं असल्यामुळे एका ठिकाणचं दुखणं दुसऱ्याच ठिकाणी दिसतं. हे मला करूळ घाटात कळलं.

पहिल्या वेळी मी ब्लॉक बोअर करून घेतला, नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या. क्रँकची ऑइल सीलं बघितली, ती चांगली दिसली, म्हणून तशीच ठेवली. दोन सीलांचे पैसे वाचले याचा आनंदही झाला होता. महिन्याभराने वैभववाडीहून गगनबावड्याकडे चढताना निम्म्या घाटात इंजिनाचा आवाज बदलला. म्हणजे वाढला नाही, बारीक झाला, कोरडा झाला. गाडी एकाएकी हलकी पळाल्यासारखी वाटली. मला वाटलं, वा, आता सुटली! आणि पुढच्याच वळणावर मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. अर्धा तास कठड्यावर बसलो. थंड झाल्यावर किक खाली गेली, इंजिन चालूही झालं, पण पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे उमटले होते.

गावात परतल्यावर ज्याने त्याने एकच निदान केलं: बोअर घट्ट झालाय. मी पुढच्या मापाचा पिस्टन आणला, पुन्हा बोअर केला. चारशे किलोमीटरवर पुन्हा तेच. तेव्हा मिस्त्रींनी गाडी स्टँडवर लावून स्लोवर सोडली, उजवीकडचं झाकण उघडलं आणि पिचकारीने डायनामोच्या मागे पेट्रोलचे दोन थेंब उडवले. (ठिणगीच्या इतक्या जवळ पेट्रोल उडवणं हा शहाणपणा नव्हे. मी आता हे करत नाही, तुम्हीही करू नका. बिनआगीची रीत पुढे सांगतो.) इंजिनाचा सूर लगेच बदलला. उजवीकडचं सील हवा ओढत होतं. क्रँककेस हा पंप, आणि पंपाला भोक. कार्ब्युरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात ही फुकटची हवा मिसळत होती, मिश्रण पातळ होत होतं, पातळ मिश्रणाने डोकं तापत होतं आणि दट्ट्या फुगून ब्लॉकला चिकटत होता. ती घाटातली 'सुटलेली' गाडी म्हणजे तापाच्या भरातली गाडी होती. दोन वेळा बोअर मारून मी एका चांगल्या ब्लॉकचं आयुष्य अर्धा मिलिमीटर खाल्लं, आणि दोष होता रबराच्या एका कड्यात.

डावीकडच्या सीलाची तऱ्हा निराळी. त्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेले असतात. ते सील गेलं की क्रँककेस हवेऐवजी तेल ओढतं. मागून निळसर-पांढरा धूर, प्लग ओला, आणि गिअर ऑइल दर महिन्याला कमी. बहुतेक मालक रिंगा बदलतात. धूर तसाच राहतो.

म्हणून या पुस्तकात सीलांचं प्रकरण पिस्टनच्या आधी आलं आहे, आणि त्यात मी सगळ्यांत जास्त पानं एका चाचणीला दिली आहेत. इंजिन बांधून झालं, की कार्ब्युरेटरचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्टची तोंडं रबर आणि पत्र्याने बंद करायची. प्लगच्या जागी नळी बसवायची आणि त्या नळीला डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं यंत्र जोडायचं. हो, तेच. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसची परीक्षा साधारण ६ पीएसआय दाबाला घेतात आणि ते होतात पाऱ्याचे ३१० मिलिमीटर. बीपीच्या यंत्राचा काटा ३०० पर्यंत जातो. दट्ट्या खाली आणून मधली तोंडं उघडी ठेवायची, म्हणजे वरचं आणि खालचं घर एक होतं. काटा २८०-३०० वर नेऊन फुग्याची चावी बंद करायची आणि घड्याळ लावायचं. मिनिटाला पन्नास मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरायचं: सीलं, दोन्ही केसिंगच्या मधला सांधा, ब्लॉकखालचं पॅकिंग, हेड, आपण बंद केलेली तोंडंसुद्धा. बुडबुडा दिसेलच. माझ्याकडचं यंत्र वडिलांचं आहे. आई अजून विचारते की ते गॅरेजात का. मिस्त्रींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते मनापासून हसले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते मागून नेलं.

बोअरिंगबद्दल जागोजागी वेगवेगळे आकडे ऐकायला मिळतात. मिस्त्रींची जुनी रीत अशी, की बोअरला तेलाचा हात फिरवायचा, रिंगा न लावलेला पिस्टन वरून सोडायचा आणि तो किती सावकाश उतरतो ते बघायचं. ही रीत खुळी नाही. पन्नास वर्षं त्या हातांनी तसेच ब्लॉक बांधले आणि ते पळाले. पण तो 'सावकाश' त्यांच्या डोळ्यांत होता, तो वहीत उतरवता येत नाही. लेथवाल्यांची दुसरी जुनी मोजणी सांगता येते: बोअरच्या इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ६५ मिलिमीटर म्हणजे अडीच इंचांहून थोडं जास्त, म्हणून अडीच थाऊ, म्हणजे मिलिमीटरचे साडेसहा शतांश. डोक्याच्या केसाएवढी फट. मायक्रोमीटर पिस्टनच्या खालच्या भागावर, पिनच्या काटकोनात लावायचा, कारण पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो. तो वर निमुळता, पिनच्या दिशेला किंचित चपटा असतो. वरचं माप घेऊन बोअर मारला की ब्लॉक घट्ट होणार म्हणून समजा.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यासाठी मी एक सबंध ब्लॉक घालवला. बोअर मारला की पोर्टांच्या, म्हणजे भिंतीतल्या तोंडांच्या, कडा वस्तऱ्यासारख्या धारदार होतात. फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत भोकंच नसतात, त्यामुळे रोज कार-ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या लेथवाल्याला हा प्रश्न पडत नाही. इथे रिंग मिनिटाला हजारो वेळा त्या भोकांवरून घसरते, आणि प्रत्येक वेळी किंचित बाहेर डोकावते. कडा गोल केली नाही तर एक दिवस ती तिथे अडकते. माझी अडकली तेव्हा आतून 'कच्' एवढाच आवाज आला होता. हेड काढलं तर रिंगेचा दीड इंचाचा तुकडा एक्झॉस्टच्या तोंडात आडवा बसलेला. ब्लॉक ज्याने बोअर केला त्याला दोष देत नाही, मी त्याला सांगायला हवं होतं. आता मी ब्लॉक घरी आणतो, बारीक गोल कानस आणि तेलाचा दगड घेऊन बसतो आणि प्रत्येक कडा बोटाच्या पेराला टोचेनाशी होईपर्यंत घासतो. दीड तास जातो. रेडिओ लावून करण्यासारखं काम आहे. रिंगेची टोकं खाचेतल्या छोट्या पिनेवर बसतात, तीही एवढ्याचसाठी: रिंग फिरून तिचं उघडं तोंड पोर्टापुढे येऊ नये. पिस्टन उलटा बसवलात तर नेमकं तेच होईल. डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे.

क्रँकचं काम घरी होत नाही. जावाचा क्रँक अखंड नसतो. दोन चकत्या, मध्ये पिन, पिनेवर रोलर आणि कनेक्टिंग रॉड, सगळं प्रेसने दाबून बसवलेलं. रॉडला वर-खाली खेळ आला, की चकत्या फोडायच्या, नवी पिन-रोलर घालायची, पुन्हा दाबायच्या. दाबताना त्या एकमेकींशी सरळ राहत नाहीत, कधीच नाही. मग सुरू होतं ते काम बघायला मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कितीतरी दुपारी घालवल्या आहेत. ऑइल इंजिनांवर वाढलेला तो भाग. लेथच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं. क्रँक दोन टोकांवर अधांतरी धरलेला, दोन्ही शाफ्टांवर डायल गेज. कारागीर हाताने एक फेरा देतो, काटे बघतो, खडूने चकतीवर खूण करतो, आणि तांब्याच्या हातोडीने त्या खुणेवर एक ठोसा. पुन्हा फेरा. काटे तीन-चार शतांशांच्या आत थरथरले की संपलं. ठोसा किती जोराचा, हे मी विचारलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, हातोडी माझ्या हातात दिली आणि माझ्या ठोशाने बिघडलेलं सरळ करायला त्याला आणखी वीस मिनिटं लागली. या पुस्तकात क्रँक सरळ करण्याचं प्रकरण नाही. तो कसा तपासून घ्यायचा, एवढंच आहे.

बेअरिंगं मात्र घरी बसतात आणि त्यासाठी हातोडी लागत नाही. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. साठ मिलिमीटरचं घर ८० अंशांनी तापवलं तर ते अकरा शतांश मोठं होतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं बेअरिंग त्यात आपल्याच वजनाने 'टप्' करून बसतं. केसिंग तापलं का हे बघायला त्यावर पाण्याचा थेंब टाकावा, तो लगेच चरचरत उडून गेला पाहिजे. केसिंग आधी रॉकेलने आणि मग साबणाने धुवा. नाहीतर घरात जो वास सुटतो त्यानंतर पुढचं काम गच्चीवर करावं लागतं.

आता सुधारणेकडे येतो, कारण निम्मे वाचक पुस्तक त्यासाठीच उघडणार.

टू-स्ट्रोकमधून ताकद किती काढता येते, याला अंत नाही असं वाटावं असा इतिहास आहे. पूर्व जर्मनीत त्शोपाऊच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. सायलेन्सरच्या नळीचा आकार नेमका ठेवला, तर बाहेर निघालेली दाबाची लाट परत फिरून निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, हे त्याने शर्यतीच्या गाड्यांवर कसोशीने बसवून दाखवलं. म्हणजे नळीही व्हॉल्व झाली, घरातल्या आणखी एकाला दुसरं काम लागलं. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर निघत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीत त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. त्याच्यामागून ती विद्याही जपानला गेली.

आपली जुनी जावा २४८.५ सीसीतून १२ हॉर्सपॉवर देते. काडेनच्या हिशेबाने पन्नास निघायला हवेत. तरुण पोरं हाच हिशेब मांडतात, एक्झॉस्टची तोंडं कानशीने वर वाढवतात, लांब पोटाची नळी लावतात. त्यांना मी एक गणित करायला सांगतो. जावा पूर्ण ताकद देते ती मिनिटाला पावणेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास. स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर. यामाहा आरएक्स १०० साडेसात हजार फेऱ्यांवर जाते, पण तिचा स्ट्रोक आहे ५०. दट्ट्याचा वेग साडेबारा. म्हणजे दोघी सारख्याच धापा टाकतात. जावाला साडेसात हजारांवर न्यायचं तर दट्ट्या पावणेएकोणीस मीटरने धावणार आणि रॉडवरचा ओढा अडीचपट होणार. हा लांब स्ट्रोकचा, जड क्रँकचा बैल आहे. चढाला तिसऱ्यात डुगडुगत जाण्यासाठी जन्मलेला. त्याला शर्यतीत घालणाऱ्याला कोण अडवणार, पण तसल्या कामाचं प्रकरण मी लिहिलेलं नाही. एक्झॉस्टचं तोंड कानशीने वर नेता येतं, परत खाली आणता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

मी ज्याला सुधारणा म्हणतो ती बाहेरून दिसत नाही. क्रँकची सीलं तापाला आणि आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची. पिस्टन पिनेखालच्या ब्राँझच्या बुशाऐवजी सुईचं बेअरिंग, कारण जुन्या बुशाला भरपूर ऑइल लागायचं आणि आपण आता ऑइल कमी करणार आहोत. सहा व्होल्टचा डायनामो, पॉइंट आणि कंडेन्सर काढून १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. यावर मित्रांशी भांडणं झाली आहेत. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरवर ठेवून, कानाने टायमिंग लावण्यात मजा आहे, मान्य. पण पॉइंटची टाच झिजते तसं टायमिंग सरकत जातं, आणि रात्रीच्या वेळी समोरच्याला दिसेल असा दिवा लागणं हे मला मजेपेक्षा मोठं वाटतं. जुना संच फेकू नका. कापडात गुंडाळून ठेवा, गाडी विकताना घेणारा पहिला तोच मागतो.

ऑइलचं प्रमाण हा गॅरेजांमधला धार्मिक विषय आहे. लिटरला ४० मिलिलिटर ही जुनी सवय, त्या काळच्या ऑइलसाठी योग्य. आजचं चांगलं टू-टी ऑइल लिटरला २५ ते ३० पुरतं, बेअरिंगं वर सांगितली तशी असतील तर. जास्त ऑइल टाकणं सुरक्षित असतं, हे अर्धंच खरं. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं घटतं आणि मिश्रण पातळ होतं. पुन्हा तेच, एका थेंबाला दोन कामं. आणि घाट उतरताना मूठ सबंध बंद करून इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडू नका. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि दट्ट्या मात्र चाकाच्या जोराने कोरडा पळत असतो. मधून मधून मुठीला हलका हिसका द्यावा. जुने लोक उतारावर असा हिसका देतात, ती हौस नव्हे.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलं नाही. २०% इथेनॉल असलेल्या पेट्रोलला पूर्ण जळायला हवा कमी लागते. जुन्याच जेटवर चालवलं तर मिश्रण सुमारे सात-आठ टक्के पातळ पडतं. करूळ घाटातलं माझं सील आठवा. मेन जेट एक-दोन माप मोठा घेऊन प्लगचा रंग बघावा: विटकरी-तपकिरी चांगला, पांढरट दिसला की थांबावं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी. जुने रबरी पाइप एका मोसमात चिघळतात. टाकीला आतून लावलेला लेपही सुटून येताना मी बघितला आहे.

सुट्या भागांची एक यादी द्या, असं पुस्तकाचं हस्तलिखित वाचणाऱ्या दोघांनी सुचवलं. दिली नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला आज जे मिळतं ते उद्या मिळेल याची खात्री नाही, आणि डबीवर काय छापलंय यावरून आत काय आहे ते कळत नाही. मी एकदा 'ओरिजिनल' म्हणून घेतलेल्या दोन पिस्टनांच्या वजनात अठरा ग्रॅमचा फरक निघाला होता. दुकानात वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन जा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

धुराबद्दल थोडं लिहिलं पाहिजे. टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेलं ते कुणाच्या कारस्थानाने नाही. दट्ट्याच व्हॉल्व असल्यामुळे ताजं मिश्रण आत येताना एक्झॉस्ट उघडंच असतं, आणि त्यातलं बरंचसं न जळता तसंच बाहेर जातं, वर ऑइलचा धूर. पुण्याच्या चौकात सकाळी नऊ वाजता शंभर स्कूटरींच्या मागे उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. ज्या गाड्या उरल्या त्या नीट बांधलेल्या, नीट जेट लावलेल्या असाव्यात, एवढाच माझा आग्रह आहे. रस्त्यावर निळा पडदा सोडत जाणाऱ्या जावाला बघून लोक कौतुकाने फोटो काढतात, तेव्हा मला तिचं डावं सील आठवतं.

पुस्तकाची भाषा गॅरेजची ठेवली आहे. गॅस्केटला पॅकिंग, सिलिंडरला ब्लॉक, आणि पिस्टन अडकला तर 'धरला'. मापं मिलिमीटरमध्ये आहेत. जिथे लेथवाला थाऊमध्येच ऐकून घेईल तिथे तेही दिलं आहे. चित्रं माझ्या हातची आहेत, त्यांबद्दल माफी मागतो. मिस्त्रींना सगळी प्रकरणं वाचून दाखवली. क्लचच्या प्रकरणात त्यांनी तीन चुका काढल्या आणि क्रँकच्या प्रकरणात एक पान फाडायला लावलं. सीलांचं प्रकरण ऐकून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बीपीचं मशिन आधी दाखवायला पाहिजे हुतं. पन्नास वर्सं पेट्रोल उडवत बसलो."

पहिलं प्रकरण पाना हातात घेण्याच्या आधीचं आहे. त्यात गाडी धुवायची आहे, प्रत्येक सांध्याचा फोटो काढायचा आहे, आणि अंड्यांचे सहा रिकामे ट्रे आणून त्यांवर खडूने आकडे घालायचे आहेत.